तिसऱ्या अंकाचा शेवट

दत्ताराम चिंदरकरच्या कानामागे कापूस होता.

रंगीत तालमीचा दिवस होता तो. परळच्या एका शाळेतला वर्ग आम्हाला रविवारपुरता मिळाला होता. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर कुणा मास्तरांनी लिहिलेला शनिवारचा सुविचार तसाच राहिलेला. रंगभूषेला माणूस बोलवायची ऐपत मंडळात उरली नव्हती, म्हणून पेटी पुढ्यात घेऊन मीच एकेकाचं तोंड रंगवत होते. दत्तारामला तिसऱ्या अंकात थकलेला, पिकलेला दाखवायचा होता. कानशिलावर पांढरं लावायला मी त्याची मान वळवली आणि माझं बोट थबकलं. पाळीमागे, केसांच्या मुळाशी, पांढऱ्या तंतूंची बारीक लव चिकटली होती.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. मान खाली घाल."

मी ओल्या फडक्यानं ती लव पुसून काढली. समोरच्या हातआरशात आमची नजर भिडली. त्यानं डोळे मिटून घेतले, जणू रंग डोळ्यांत जाईल म्हणूनच मिटले असावेत.

एरवी त्या कापसाचं मला काही वाटलं नसतं. पूर्वी ही माणसं गिरणीची पाळी सुटली की तशीच तालमीला यायची, भुवयांत, पापण्यांत, नाकाच्या केसांत कापूस घेऊन. मी चेष्टा करायचे, की म्हाताऱ्याच्या भूमिकेला तुम्हाला रंग लागायचा नाही. मग संप लागला आणि सगळ्यांचे केस एकदम काळे दिसायला लागले. वर्ष होत आलं होतं त्याला. लालबाग-परळच्या आभाळात धूर नव्हता, भोंगा ऐकू येत नव्हता. कापूस अंगावर घेऊन येणारा माणूस एकाच ठिकाणाहून आलेला असू शकत होता.

मी काही गिरणीतली नव्हे. मी हंसा वळवईकर, नाइटवर काम करणारी नटी. म्हणजे प्रयोगापुरती पाकिटाची धनीण. गिरणीतल्या प्रत्येक खात्याचं तेव्हा आपापलं नाट्यमंडळ असायचं. नट खात्यातले, लेखक खात्यातला, पडदे ओढणारासुद्धा खात्यातला. फक्त बाई बाहेरची. घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावायचा नाही हा सगळीकडचा रिवाज. त्यामुळे गिरगावातून बस पकडून आम्ही चारपाच जणी त्या भागात जायचो आणि आज या खात्यात कुणाची आई, उद्या त्या खात्यात कुणाची बायको व्हायचो. अशी किती नाटकं झाली त्याची कुठं नोंद नाही. वर्तमानपत्रात आमच्याबद्दल ओळ यायची नाही. नाटक छापायचं असतं हे तिथल्या लेखकांच्या मनातही यायचं नाही. पडदा पडला की नाटक संपलं.

या मंडळाचे लेखक भिकाजी तळवडेकर. साचेखात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे. वय पन्नाशीचं, अंगानं वाळकुडे, खांदा एका बाजूला उतरलेला. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे एक कान पार गेलेला. साचेखात्यात कुणी कुणाचं बोलणं ऐकत नाही, ओठ वाचतात. बोलणाराही आवाज न करता ओठ स्वच्छ हलवतो. त्यामुळे तळवडेकरांसारखा प्रॉम्प्टर मी दुसरा पाहिला नाही. विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर संहिता, आणि नुसते ओठ हलवायचे. पहिल्या रांगेतल्या माणसाला चाहूल लागायची नाही, पण नटाला शब्द न् शब्द मिळायचा. त्यांची आठनऊ नाटकं मी केली. पाठांतर कच्चं असलं तरी मला त्यांच्या नाटकात कधी भीती वाटली नाही.

हे नवं नाटक संपावर होतं. शिवा नावाचा गिरणी कामगार संप चालू असताना मागच्या दारानं गिरणीत कामाला जायला लागतो. चाळीत कळतं. तिसऱ्या अंकात तो घरी येतो आणि दार ठोठावतो. आत त्याची बायको गोदा, म्हणजे मी. ती दार उघडत नाही. आतूनच म्हणते, "या घरात आता तुम्हाला जागा नाही. आल्या वाटेनं परत जा!" आणि पडदा.

शिवाचं काम दत्ताराम करायचा.

त्या दिवशी तालमीला गंगाराम परब आले होते. परब मंडळाचे अध्यक्ष, आणि चाळीच्या संपसमितीतलेही. आडदांड, मोठ्या आवाजाचे. वाईट माणूस नव्हता. संपात त्यांनी स्वतःच्या बायकोचं मंगळसूत्र सगळ्यात आधी मोडलं होतं. शेवटचं वाक्य मी म्हटलं आणि तळवडेकरांनी हात वर केला.

"हंसाबाई, आवाज चढवू नका. हळू म्हणा."

मी हळू म्हटलं.

"आणखी हळू."

"का म्हणून?" परब बाकावरून उठले. "चढवा की! अहो भिकूभाऊ, हजार माणसं बसणार समोर. सगळी उपाशी. त्या वाक्याला छप्पर उडालं पाहिजे. लोकांनी घरी जाऊन बायकांना सांगितलं पाहिजे, असं दार लावा म्हणून."

तळवडेकर संहितेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. चढवा."

मी चढवला. परबांनी टाळी वाजवली. दाराच्या पलीकडे, म्हणजे दोन बाकांच्या पलीकडे उभा असलेला दत्ताराम खाली बघत होता. तळवडेकरांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि कुणाशी न बोलता बाहेर जाऊन विडी पेटवली.

बसच्या थांब्यापर्यंत दत्ताराम माझ्याबरोबर आला. त्याला त्या बाजूला जायचं नव्हतं.

"बाई, तुम्ही बघितलंत."

"मी काही बघितलं नाही."

"बघितलंत. मला माहीताय." तो दबक्या आवाजात बोलत होता. रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, दारादारात माणसं बसली होती, वर्षभर नुसती बसलेली. "ट्रकमधनं नेतात. ताडपत्रीखाली. तीन तीन दिवस आतच ठेवतात, तिथंच जेवण, तिथंच झोप. मी चाळीत सांगितलंय, भिवंडीला बदलीचं काम मिळतं म्हणून."

"तुझ्या बायकोला ठाऊक आहे? रजनीला?"

"तिला सांगितलंय. ती काही बोलली नाही. ती पहिल्यासारखी बोलतच नाही आता. दादरला तीन घरची भांडी घासते. गावची जमीन गेली. धाकटा झाला तेव्हा तिला दोन महिने घरात ठेवायची म्हटलं तरी ठेवता आली नाही." मग तो एकदम म्हणाला, "पण खरं सांगू? नुसतं तेवढंच नाही. मला झोप येत नव्हती, बाई. सोळाव्या वर्षापासून साच्यावर उभा आहे. तो आवाज कानात नसला की डोळा लागत नाही. पहिल्या दिवशी आत गेलो, माग सुरू केला, आणि उभ्या उभ्या मला रडू आलं. हे कुणाला सांगायचं?"

"मग हे काम कशाला करतोस? सोडून दे. दुसरा कुणी करेल."

"सोडलं तर विचारतील का सोडलं. भिकूभाऊंना सांगू नका हां. त्यांनी मला नाटकात आणलं. त्यांना काय वाटेल?"

बस आली. मी चढले. कुणाला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या बाईनं खात्यातल्या गोष्टीत पडायचं नाही, हे मला माझ्या आईनं पहिल्या नाइटला शिकवलं होतं.

प्रयोग पुढच्या रविवारी, दुपारी. परळचं नाट्यगृह कुणाच्या तरी ओळखीनं मिळालं होतं. तिकीट नव्हतं. दारात डबा ठेवला होता, ज्याला जमेल त्यानं टाकावं. संपाला मदत म्हणून. बारापासून रांग लागली. चाळींच्या चाळी लोटल्या होत्या. खुर्च्या संपल्यावर माणसं पायऱ्यांवर बसली, भिंतींना टेकून उभी राहिली. पहिल्या रांगा बायकांना सोडलेल्या. पडद्याच्या फटीतून मी बघितलं तेव्हा रजनी मला दुसऱ्या रांगेत दिसली. कडेला, मांडीवर धाकटा घेऊन. मी तिला एकदोनदाच पाहिलं होतं. सावळी, हनुवटीवर गोंदण. ती मिटलेल्या पडद्याकडे बघत होती, शेजारच्या बायकांशी बोलत नव्हती.

असा प्रेक्षक मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. पोट रिकामं असलेला माणूस नाटक वेगळ्याच तऱ्हेनं बघतो. पहिल्या अंकात चहाला साखर नाही म्हणून शिवाची म्हातारी आई खोटंच "मला गोड चालत नाही" म्हणते, त्यावर कुणी हसेल असं आम्हाला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. बायकांमधून नुसता एक हुंकार आला. दुसऱ्या अंकात शिवा मागच्या दारानं आत जातो तेव्हा मागून शिव्या आल्या. त्या शिव्या शिवाला होत्या. दत्ताराम विंगेत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यातून घाम गळत होता.

"छान चाललंय," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

तिसरा अंक. मी घरात, चुलीपाशी. मधोमध दाराची चौकट. पलीकडून दत्ताराम आला. तो आला तो शिवासारखा चालत आलाच नाही. तालमीत तो पाय ओढत यायचा, थकवा दाखवत. त्या दिवशी तो सरळ आला, आपल्या घरी रोज येतो तसा, आणि दारापाशी आल्यावर त्याला आठवलं की हे उघडणार नाही. त्यानं कडी वाजवली.

"गोदा, दार उघड."

नाट्यगृहात एकदम शांत झालं. मला वाक्य पाठ होतं. तरी सवयीनं मी विंगेकडे नजर टाकली. तळवडेकर स्टुलावर नव्हते. उभे होते. संहिता मिटलेली, बगलेत. ते दत्तारामकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. ते वाक्य माझं नव्हतं.

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. मी पुन्हा बघितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, तितकंच स्वच्छ, आणि हातानं दार उघडायची खूण केली.

प्रॉम्प्टरनं दिलेलं वाक्य नटानं उचलायचं. त्यात विचार करायला वेळ नसतो. मी उठले, दार उघडलं आणि म्हटलं, "हात धुवा. भात निवतोय."

दत्तारामला पुढे वाक्य नव्हतं. त्याच्या संहितेत तिथं पडदा होता. तो दारात उभा राहिला. मी पाट मांडला, रिकामी थाळी ठेवली, काहीतरी करायचं म्हणून. तो आत आला. पाटावर बसला. थाळीवर हात ठेवला. आणि त्याचा चेहरा मोडला.

"रजनी," तो म्हणाला, "मी एकटाच नाही गं जात. तुला शपथ. ताडपत्रीखाली आम्ही खूप असतो."

त्याचं त्यालाही कळलं नाही तो काय नाव बोलला ते. मला कळलं. पुढच्या रांगांना कळलं. मी प्रेक्षकांत पाहिलं तेव्हा बायकांची डोकी एकेक करून दुसऱ्या रांगेच्या कडेला वळत होती. रजनीनं मांडीवरचं पोर छातीशी धरलं होतं आणि ती समोरच बघत होती, जसं काही डोकी तिच्याकडे वळलेलीच नाहीत.

मग मागून एक आवाज उठला. "अरे हा खराच जातोय! चिंदरकर खराच आत जातोय!"

पुढचं सगळं एकदम झालं. चपला आल्या, खुर्च्या मोडल्या. पडदा ओढणारा पळाला. पहिली माणसं रंगमंचावर चढली तेव्हा तळवडेकर विंगेतून बाहेर आले. प्रयोग चालू असताना हा माणूस आयुष्यात कधी प्रकाशात आला नव्हता. ते दत्तारामच्या पुढे उभे राहिले.

"वाक्य माझं आहे," ते ओरडले. त्यांचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "दार मी उघडायला लावलं! त्याच्या अंगाला हात लावू नका!"

"किती मिळाले मालकाकडनं?" कुणीतरी विचारलं.

मग पट्टे निघाले. परब मध्ये पडले असं लोक नंतर म्हणाले. मला तसं दिसलं नाही, पण माझी पाठ तिकडे असेल. मी दत्तारामला दंडाला धरून नेपथ्याच्या मागून ओढत नेलं आणि सामान आणतात त्या दारातून बाहेर ढकललं. माझ्या हातातल्या बांगड्या फुटून मनगट रक्तानं भरलं होतं. तो बाहेर उन्हात रंगलेल्या तोंडानं उभा राहिला.

"जा!" मी म्हटलं.

"भाऊ?" त्यानं विचारलं.

"तू जा!"

तो गेला.

तळवडेकरांच्या बरगड्या मोडल्या, उजवं मनगट मोडलं, ऐकू येणाऱ्या कानाचा पडदा फाटला. संहितेचं पान न् पान फाडून लोकांनी रस्त्यावर उधळलं. मी इस्पितळात गेले तेव्हा त्यांची बायको पायाशी बसली होती. कुणी भेटायला येत नाही, म्हणाली. मी त्यांच्यासमोर, त्यांना ओठ दिसतील अशी बसले.

त्यांनी पहिलं काय विचारलं ते सांगते.

"'भात निवतोय' म्हटल्यावर प्रेक्षक काय करत होते? मला विंगेतून दिसत नव्हते."

"भाऊ, आता काय करायचंय ते?"

"सांगा ना."

"गप्प होते," मी म्हटलं. "दत्तारामनं नाव घेईपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसरा होता.

"तो शेवट मी आधी लिहिला होता," ते म्हणाले. "पहिल्यापासून तोच होता. परब म्हणाले, हे चालणार नाही, संप मोडेल. मलाही वाटलं, असेल. लोक उपाशी आहेत, त्यांच्यापुढे कशाला? म्हणून दार लावलं. पण तुम्ही ते वाक्य म्हणायचात ना, हंसाबाई, तेव्हा मला ऐकवत नसे. ती बाई खोटी वाटायची. माझी वाटायचीच नाही."

"दत्तारामचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"तालमीला आला त्या पहिल्याच दिवशी. माझ्या नाकाला कळतो साचेखात्याचा वास. मनात होतं की काम त्याला देऊ नये. पण दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. त्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याच्यानं ते दार लावून घेववेना. बस्स. एवढंच."

वहिनी उठून बाहेर गेल्या. तळवडेकरांनी बँडेज बांधलेला हात पांघरुणावर ठेवला.

"बरा झालो की पुन्हा लिहून काढतो. सगळं डोक्यात आहे."

मला ते खरं वाटलं. त्या दिवशी त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं. मार खाल्लेला माणूस असा दिसत नाही. आयुष्यात एकदा का होईना, पण बरोबर वाक्य बरोबर जागी पडलं, असा दिसत होता तो माणूस.

दत्तारामला महिन्याभरानं मारलं. सकाळच्या वेळी, ट्रक जिथं थांबायचा तिथं, गिरणीच्या मागच्या भिंतीलगत. कुणी मारलं ते कधी पुढे आलं नाही. सकाळी सात वाजता, रस्त्यावर माणसं असताना, आणि कुणी काही बघितलेलं नव्हतं.

दहाव्यानंतर तळवडेकर माझ्याकडे आले. हात अजून गळ्यात अडकवलेला होता. म्हणाले, "रजनीकडे जायचंय. एकट्यानं धीर होत नाही. बाईमाणूस बरोबर असलं तर बरं."

आम्ही गेलो. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. आम्ही जिना चढलो तशी गॅलरीतली माणसं आत गेली, दारं लागली. रजनी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून ती उठली नाही आणि आत या म्हणालीही नाही. सूप मांडीवर होतं, त्यात हात तसाच चालू होता.

तळवडेकर उभे राहिले.

"रजनी, मी..."

"भाऊ, मी हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून मीच मोठ्यानं बोलते," ती म्हणाली. आवाज शांत होता. सबंध गॅलरीला ऐकू जाईल एवढा मोठा होता, पण शांत. "त्या ट्रकमधून किती जण जात होते? आमच्या चाळीतले किती? मला नावं माहीत आहेत. ते सगळे आज घरात आहेत. त्यांची पोरं खाली खेळतायत."

तळवडेकर तिचे ओठ वाचत होते.

"लोक मला सांगतात, भिकूभाऊ तुझ्या माणसासाठी मार खाऊन पडले. तुम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहिलात. कुणी सांगितलं होतं उभं राहायला? ते घरातून निघताना मला म्हणाले, आज शेवटाला लोक माझ्यावर थुंकतील, आणि सुटलो. एकदा सगळ्यांसमोर थुंकून घेतलं की मग कुणाला संशय यायचा नाही. त्यासाठी ते काम धरून बसले होते." तिनं एक खडा उचलून गॅलरीबाहेर टाकला. "नाटकात दार लावून घेतलं असतंत तर टाळ्या पडल्या असत्या, भाऊ. टाळ्या पडल्या असत्या आणि हे घरी आले असते."

आतून पोर रडायला लागलं. ती सूप खाली ठेवून आत गेली. दार तिनं लावलं नाही. तसंच उघडं राहिलं. आम्ही त्या उघड्या दारासमोर कितीतरी वेळ उभे होतो.

जिन्यात मधल्या वळणावर तळवडेकर खाली बसले. मी त्यांच्यासमोर वाकले.

"भाऊ, मी ते वाक्य उचललं नसतं तर..."

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही काय कराल? मी द्यायचं आणि तुम्ही म्हणायचं. त्यात तुमचं काही नाही." मग म्हणाले, "खरं काय ते मला कळलं होतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं. समोर खरा माणूस उभा आहे, त्याला पुढे जगायचंय, हे डोक्यातच आलं नाही."

मागच्या वर्षी विद्यापीठातून एक मुलगी माझ्याकडे आली होती. शहराच्या नाटकांचा इतिहास लिहिते आहे, त्यात गिरणगावाचं एक प्रकरण घालणार म्हणाली. तळवडेकरांचं नाव तिनं कुठंतरी ऐकलं होतं. कुणी तिला सांगितलं होतं की ते मालकांना फितूर झाले होते, आणि कुणी सांगितलं की मारहाणीनं घाबरून त्यांनी लेखन सोडलं. "यातलं नक्की काय लिहू?" तिनं विचारलं. दोन्ही लिहू नकोस, मी म्हटलं. मग काय, तिनं विचारलं. खरं सांगितलं असतं तर दत्तारामचं नाव छापून आलं असतं, आणि रजनी अजून त्याच चाळीत राहते. तिचा धाकटा टॅक्सी चालवतो. मी त्या मुलीला चहा दिला आणि माझ्याकडे होती तेवढी नाटकांची नावं सांगितली. पुस्तक आलं. तळवडेकरांवर त्यात दोन ओळी आहेत, आणि नाटकं उपलब्ध नाहीत असं लिहिलंय.

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. गिरणी कायमची बंद झाली. भिवंडीच्या यंत्रमागावर ते काही वर्षं गेले, मग तेही जमेना. शेवटी मीच त्यांना मी काम करत होते त्या एका मंडळात प्रॉम्प्टर म्हणून आणलं. लेखक नवा, पंचविशीतला पोरगा, बँकेत नोकरीला. त्याच्या नाटकात सासरी छळलेली मुलगी माहेरी परत येते आणि शेवटी आई, म्हणजे मी, तिला पुन्हा सासरी पोचवायला निघते. लेखकाला ते फार थोर वाटत होतं. तिचं शेवटचं वाक्य म्हणताना मला ती आई खोटी वाटायची.

तालीम संपल्यावर मी स्टुलापाशी गेले. तळवडेकर पानं नीट लावत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी.

"भाऊ, खरं सांगा. हा शेवट तुम्हाला पटतो? ही आई अशी वागेल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, पण माझा प्रश्न त्यांना कळला होता. नीट कळला होता. मला वाटलं, आता ते सांगतील. त्यांचे ओठ उघडलेही.

मग त्यांनी संहिता बंद केली आणि तिला दोरी बांधली.

"लिहिलंय तसंच म्हणा, हंसाबाई," ते म्हणाले.